लाटांचा जोर मोजणारा माणूस

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्याची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी मुळातून नाही तरी एखाद्या संक्षिप्त आवृत्तीतून पुष्कळांनी वाचलेली असते. भूगोल हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना मात्र स्टीव्हन्सन म्हटले की वेगळीच वस्तू आठवते. हवामान वेधशाळेच्या आवारात गवतावर चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी, तिच्या बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरक्या पट्ट्या, आणि आत तापमापके. या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ऊन थेट लागू नये, पण वारा मात्र खेळता राहावा, म्हणजे सावलीतल्या हवेचे खरे तापमान कळते, ही तिच्यामागची साधी कल्पना.

कादंबरीकार स्टीव्हन्सन आणि पेटीवाले स्टीव्हन्सन हे बापलेक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पेटी वडिलांची, म्हणजे थॉमस स्टीव्हन्सन यांची. पण त्यांच्या आयुष्यातले ते एक किरकोळ काम होते. त्यांचे खरे आयुष्य गेले समुद्राशी झगडण्यात. किनाऱ्यावर येऊन फुटणाऱ्या लाटेत बळ तरी किती असते, हा प्रश्न त्यांनी नुसता विचारला नाही, तर त्याचे उत्तर आकड्यांत मिळवले. आणि ज्याने लाटेचे बळ मोजले त्याच माणसाने बांधलेला एक प्रचंड बांध त्याच लाटांनी मोडून टाकला. या लेखात त्यांच्या आयुष्याची हीच हकीगत सांगायची आहे.

थॉमस यांचा जन्म २२ जुलै १८१८ रोजी स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरात झाला. घराणे दीपगृहे बांधणाऱ्यांचे. वडील रॉबर्ट स्टीव्हन्सन यांचे नाव सगळ्या ब्रिटनमध्ये गाजलेले होते, ते बेल रॉकच्या दीपगृहामुळे. बेल रॉक हा उत्तर समुद्रातला एक खडक. भरतीच्या वेळी तो पूर्णपणे पाण्याखाली जातो. ओहोटीत जे काही तास मिळतील तेवढ्यात पाया खणायचा आणि पाणी चढू लागले की पळ काढायचा, अशा रीतीने तिथे काम चालले आणि १८११ साली दिवा लागला. थॉमस यांचे थोरले भाऊ अ‍ॅलन आणि डेव्हिड हेही त्याच व्यवसायात गेले. अशा घरात सर्वांत धाकटा म्हणून जन्माला आलेल्या मुलाने पुढे काय व्हायचे, हे जणू आधीच ठरलेले होते.

परंतु हा मुलगा काही अभ्यासात चमकणारा नव्हता. शाळा त्याला आवडत नसे, आणि गणिताशी तर त्याचे जन्मभर जमले नाही. इंजिनिअर होऊन ज्याने लाटांचे आणि प्रकाशकिरणांचे हिशोब केले, त्याला स्वतःला गणित येत नव्हते, हे वाचून आश्चर्य वाटते. पण गोष्ट खरी आहे. अवघड आकडेमोड अडली की थॉमस आपल्या प्राध्यापक मित्रांकडे, विल्यम स्वान आणि पुढे पी. जी. टेट यांच्याकडे जात. त्यांचे बळ होते निरीक्षणात. समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून तासन् तास लाटा पाहत राहायचे, कोणती लाट कुठे उठते, कुठे वळते, कुठे फुटते, हे मनात टिपून ठेवायचे, ही त्यांची सवय अखेरपर्यंत टिकली.

आणखी एक सवय होती. रात्री झोप येईपर्यंत ते मनातल्या मनात स्वतःलाच गोष्टी सांगत. त्यांत जहाजे असत, रस्त्याकडेच्या खानावळी असत, दरोडेखोर आणि म्हातारे खलाशी असत. मुलाने पुढे जे कागदावर उतरवले, ते बाप उशीवर डोके टेकून रोज रात्री रचत होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी समुद्रात बांधकाम करणारा इंजिनिअर कशाच्या आधारावर काम करीत असे? अनुभवाच्या, आणि पुष्कळसे अंदाजाच्या. नदीवरचा पूल बांधणाऱ्याला त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे वजन सांगता येत असे. पण समुद्रातल्या भिंतीवर किती भार येणार, हे कोणीच सांगू शकत नव्हते. धडा मिळे तो मोडतोड झाल्यावरच. अ‍ॅलन स्टीव्हन्सन हे स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात स्केरीव्होर या खडकावर दीपगृह बांधत होते. कामगारांना राहण्यासाठी १८३८ साली त्यांनी खडकावर उंच खांबांवर एक लाकडी निवारा उभारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या एका वादळाने तो नाहीसा केला. सुदैवाने त्या वेळी आत कोणी नव्हते.

लाट बांधकाम कसे मोडते, हे थोडक्यात समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. खोल समुद्रात लाट धावताना दिसते, पण पाणी पुढे जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण जवळजवळ जागच्या जागी गोल फिरत असतो आणि पुढे सरकते ती केवळ उठाठेव. किनारा जवळ आला, तळ वर आला, की लाटेचा पायथा तळाला अडतो. तिची गती कमी होते, लांबी घटते आणि उंची वाढते. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांशावर गेली की माथा पायथ्याच्या पुढे झुकतो आणि लाट फुटते. आता मात्र पाणी खरोखरच पुढे झेपावते.

उभ्या भिंतीपाशी खोल पाणी असेल तर न फुटलेली लाट भिंतीवर चढते आणि उतरते. भिंतीवर दाब येतो, पण तो सावकाश चढणारा, सावकाश उतरणारा. लाट दूरवरच फुटली असेल तर भिंतीपर्यंत फेसाळलेले, दमलेले पाणी पोचते. सर्वांत वाईट ती लाट, जी नेमकी भिंतीवर येऊन फुटते. तिचा सरळ उभा राहिलेला चेहरा एकाच क्षणी भिंतीवर आदळतो. हा धक्का सेकंदाच्या शतांशात किंवा त्याहूनही कमी वेळात होऊन जातो, पण तेवढ्या वेळात दाब नेहमीच्या कितीतरी पटींनी वाढतो. लाट आणि भिंत यांच्यामध्ये कोंडलेली हवा दाबली जाते. दगडांच्या सांध्यांत पाणी आणि हवा पाचरीसारखी घुसते. लाट मागे हटली की कोंडलेला दाब आतून बाहेर ढकलतो आणि परतणारे पाणी बाहेरून ओढते. म्हणून पुष्कळदा भिंतीचे दगड आत ढकलले जात नाहीत, तर समुद्राकडे उपटून येतात. त्यातच पाण्यात बुडालेला दगड आपल्या वजनाचा सुमारे दोन-पंचमांश भाग गमावून बसतो. खालून पाण्याचा दाब त्याला उचलत असतो, आणि भिंतीच्या पायाशी लाटा तळ खरवडत असतात. कोकणात पावसाळ्यानंतर एखाद्या जुन्या धक्क्याचे निखळलेले चिरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

हे सगळे ज्ञान आजचे. थॉमस यांनी काम सुरू केले तेव्हा यांतले फारच थोडे लोकांना माहीत होते. त्यांनी १८४२-४३ च्या सुमारास एक उपकरण तयार केले. ओतीव लोखंडाचे एक नळकांडे खडकाला पक्के जखडायचे. त्याच्या तोंडाशी समुद्राकडे चेहरा केलेली एक तबकडी. तबकडीच्या मागे पोलादी स्प्रिंग आणि सरकणाऱ्या लोखंडी कांबी. लाट तबकडीवर आदळली की स्प्रिंग दबते आणि कांबी मागे सरकतात. या कांबींवर चामड्याची कडी बसवलेली असत. लाट परतल्यावर स्प्रिंग पूर्ववत होई, पण कडी सरकली तिथेच राही. वादळ शमल्यावर माणसाने खडकावर जायचे आणि कडे किती सरकले ते पाहायचे, की सर्वांत मोठ्या धक्क्याचे माप हाती येई. वादळात कोणी जीव धोक्यात घालून तिथे उभे राहण्याची गरज नव्हती. उपकरण इतके साधे की एखाद्या हुशार लोहाराला सुचावे. पण त्याआधी ते कोणाला सुचले नव्हते.

ही उपकरणे स्केरीव्होरला, बेल रॉकला आणि इतर काही ठिकाणी बसवण्यात आली. नोंदी जमू लागल्या. १८४३ आणि १८४४ या दोन वर्षांत स्केरीव्होरला उन्हाळ्याच्या पाच महिन्यांची सरासरी निघाली दर चौरस फुटाला ६११ पौंड. हिवाळ्याच्या सहा महिन्यांची सरासरी २,०८६ पौंड, म्हणजे तिपटीहून अधिक. २९ मार्च १८४५ रोजी पश्चिमेकडून मोठे वादळ आले. त्या दिवशी कडे सरकले ते ६,०८३ पौंडांच्या खुणेपर्यंत. आजच्या मापात सांगायचे तर दर चौरस मीटरला जवळजवळ तीस टन. उत्तर समुद्रातल्या बेल रॉकवर मिळालेला सर्वांत मोठा आकडा याच्या निम्म्याइतका, ३,०१३ पौंडांचा होता. दोन समुद्रांच्या स्वभावातला फरक प्रथमच आकड्यांत दिसला. थॉमस यांनी हे निष्कर्ष १८४५ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचेही नव्हते.

या आकड्यांना मर्यादा होत्या. स्प्रिंग सावकाश येणारा दाब आणि क्षणार्धात येणारा तडाखा यांत भेद करू शकत नाही. पुढे विसाव्या शतकात विजेवर चालणारी सूक्ष्म उपकरणे आली, तेव्हा कुठे लाटेच्या तडाख्याचा तो इवलासा क्षण पकडता आला. ब्रिटिश शास्त्रज्ञ बॅगनोल्ड यांनी कोंडलेल्या हवेचे कार्य दाखवून दिले ते १९३९ साली. असे असले तरी समुद्राचे बळ मोजता येते आणि ते मोजूनच बांधकाम करायला हवे, ही वाट थॉमस यांनी घालून दिली.

पुढचा प्रश्न होता, एखाद्या बंदरावर किती उंच लाटा येतील हे आधी कसे सांगावे? त्यांनी निरनिराळ्या सरोवरांत आणि खाड्यांत लाटांची मापे घेतली आणि त्यावरून एक सोपा नियम बसवला. ज्या दिशेने वारा येतो त्या दिशेला मोकळ्या पाण्याचा पल्ला किती सागरी मैल आहे ते पाहायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि दीडपट करायची. उत्तर येईल ते लाटेची उंची, फुटांत. पल्ला शंभर मैलांचा असेल तर लाट पंधरा फुटांची. कित्येक दशके बंदरे बांधणारे इंजिनिअर हा नियम वापरत राहिले. गणित न येणाऱ्या माणसाने दिलेले हे सूत्र आहे!

दीपगृहांच्या दिव्यांतही त्यांनी मोठ्या सुधारणा केल्या. ज्योतीपासून चहूकडे पसरणारा प्रकाश वाया न घालवता भिंगांच्या आणि लोलकांच्या योजनेने एका दिशेला वळवायचा, ही त्यांची विशेष कामगिरी. त्यांच्या पेढीचा सल्ला भारत, न्यूझीलंड आणि जपान येथील दीपगृहांसाठीही घेतला जाई. या शोधांपैकी एकाचेही पेटंट त्यांनी घेतले नाही. आपण सरकारी दीपगृह मंडळाचे इंजिनिअर आहोत, तेव्हा आपल्याला जे सुचते ते देशाचे आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांची साधने जगभर गेली, पण त्यांचे नाव मात्र मागे राहिले. पेटीला ते चिकटून राहिले एवढेच.

१८४८ साली थॉमस यांचा मार्गारेट बाल्फर यांच्याशी विवाह झाला. १३ नोव्हेंबर १८५० रोजी मुलगा झाला, तोच लुई. तेच एक अपत्य. मुलगा छातीने अशक्त, सतत आजारी. रात्री खोकल्याने तो जागा राही तेव्हा वडील त्याच्या खोलीच्या दाराशी बसून खलाशांशी, गाडीवानांशी चाललेली काल्पनिक संभाषणे त्याला ऐकवीत. पुढे मुलानेही घराण्याचा व्यवसाय चालवावा, अशी बापाची इच्छा असणे स्वाभाविक होते.

याच १८४८ सालच्या ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एक भीषण घटना घडली. हेरिंग माशांच्या हंगामात शेकडो होड्या समुद्रात असताना रात्री वादळ उठले. उत्तरेकडच्या विक या गावी मासेमारीचे मोठे बंदर होते. पण ओहोटीच्या वेळी त्याच्या तोंडाशी पुरेसे पाणी राहत नसे. धावत परत आलेल्या होड्यांना आत शिरता येईना. त्या एका वादळात किनाऱ्यावरचे सुमारे शंभर मासेमार बुडाले. त्यांत विकचे कित्येक जण आपल्या घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत गेले.

विकला सुरक्षित बंदर हवे, ही मागणी यानंतर जोर धरू लागली. ब्रिटिश फिशरीज सोसायटी या संस्थेने अखेर ते काम हाती घेतले आणि थॉमस व त्यांचे भाऊ डेव्हिड यांच्या पेढीकडे सोपवले. १८६३ साली सुरुवात झाली. उपसागराच्या दक्षिण बाजूने समुद्रात एक लांब बांध घालायचा आणि त्याच्या आडोशाला होड्यांना शांत पाणी मिळवून द्यायचे, अशी योजना होती. अशा बांधाला ब्रेकवॉटर म्हणतात. तळाशी मोठमोठे दगड टाकून पाण्याखाली एक उंचवटा तयार करायचा आणि त्याच्यावर चिऱ्यांची उभी भिंत उभारायची, अशी त्याची रचना होती.

काम सुरू झाल्यापासूनच समुद्र त्रास देऊ लागला. उन्हाळ्यात बांधावे आणि हिवाळ्याने मोडावे, असे चालले. १८६८ साली थॉमस यांनी मुलाला काम शिकण्यासाठी विकला पाठवले. सतरा वर्षांच्या लुईला हिशोब आणि नकाशे यांचा कंटाळा येई. पण पाणबुड्याचा जड पोशाख चढवून समुद्राच्या तळाशी उतरण्याची संधी त्याने सोडली नाही. तो अनुभव त्याने पुढे मोठ्या गोडीने लिहिला. बापाला हवा असलेला इंजिनिअर काही त्याच्यातून घडला नाही. मार्च १८७१ मध्ये त्याने दीपगृहाच्या दिव्यावर एक निबंध वाचला, त्याला पदकही मिळाले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ८ एप्रिलला, त्याने वडिलांना सांगून टाकले की मला लेखक व्हायचे आहे. थॉमस यांनी आकांडतांडव केले नाही. निदान वकिलीची परीक्षा तरी दे, एवढी अट त्यांनी घातली. पण तीन पिढ्यांचा धागा तुटला, याचे दुःख त्यांना झाल्याशिवाय कसे राहील?

दरम्यान दुसरीकडे एक अवघड काम तडीस जात होते. पश्चिमेकडच्या डू हार्टाख या खडकावर १८६७ पासून दीपगृह बांधले जात होते. तिथेही समुद्राने हिसका दाखवला होता. भरतीच्या पाण्यापासून सदतीस फूट उंचीवर सिमेंटने आणि खुंट्यांनी पक्के बसवलेले, प्रत्येकी दोन टनांचे चौदा दगड एका वादळाने उपटून नेले. तरी काम थांबले नाही. १ नोव्हेंबर १८७२ रोजी तिथला दिवा लागला.

त्यानंतर जेमतेम महिनाभराने विकची वेळ आली. बांधाचे टोक हे सर्वांत नाजूक ठिकाण, म्हणून तिथे विशेष काळजी घेतलेली होती. तळाशी ऐंशी ते शंभर टनांचे ठोकळे. त्यांच्यावर सिमेंटमध्ये बसवलेले मोठे दगड. आणि सर्वांत वर जागच्या जागी ओतलेला एकसंध असा एकच ठोकळा. तो ४५ फूट लांब, २६ फूट रुंद आणि ११ फूट जाड होता. त्याचे वजन आठशे टनांहून अधिक. हे सगळे एकमेकांशी साडेतीन इंच जाडीच्या लोखंडी कांबींनी जखडलेले होते. डिसेंबर १८७२ मध्ये वादळ झाले. कामावरचा इंजिनिअर कड्यावर उभा राहून पाहत होता. लाटांमागून लाटा त्या ठोकळ्यावर आदळत होत्या. त्याच्या डोळ्यांसमोर तो हळूहळू फिरू लागला, आणि अखेर बांधाच्या आतल्या बाजूस जाऊन पडला. समुद्र शांत झाल्यावर पाणबुडे खाली उतरले तेव्हा त्यांना आढळले की नुसता वरचा ठोकळा पडलेला नव्हता. कांबींनी बांधलेले खालचे दगडही त्याच्याबरोबर उपटून आले होते. एकूण वजन १,३५० टन.

त्या हिवाळ्यात थॉमस यांच्या घरातही एक वादळ झाले. ते स्वतः अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती. जानेवारी १८७३ च्या अखेरीस त्यांनी मुलाला त्याच्या श्रद्धेविषयी सरळ प्रश्न विचारला आणि मुलाने आपला विश्वास उरलेला नाही असे खरे उत्तर दिले. घरावर सुतक आल्यासारखे झाले. बापाला वाटले, आपले सारे आयुष्यच फुकट गेले. दोन महिन्यांच्या आत एका माणसाने आपल्या हातांनी उभारलेल्या दोन गोष्टी हलताना पाहिल्या.

विकला त्यांनी हार मानली नाही. पडलेल्या ठोकळ्याच्या जागी त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, २,६०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा बसवण्यात आला. १८७७ साली समुद्राने तोही नेला. यानंतर मात्र काम सोडून देण्यात आले. त्याचे भग्न अवशेष विकच्या उपसागरात राहून गेले. ज्या मासेमारांसाठी हा सारा खटाटोप होता, त्यांना त्यांचे बंदर मिळाले नाही.

चूक कुठे झाली? आज आपण सांगू शकतो, कारण आपल्याला विक माहीत आहे. थॉमस यांनी उत्तर शोधले वजनात. लाट जड तर दगड अधिक जड. पण भिंतीखाली टाकलेल्या दगडांच्या उंचवट्याने तिथले पाणी उथळ झाले होते. खोल समुद्रातून अभंग येणारी मोठी लाट त्या उतारावर चढताना उंचावत होती आणि बरोबर भिंतीवर येऊन फुटत होती. म्हणजे भिंतीच्या पायानेच साध्या लाटेची मारक लाट होण्यास हातभार लावला. त्यात खालून उचलणारे पाणी, आणि बुडाल्यामुळे हलके झालेले काँक्रीट. नुसते वजन वाढवून हे सुटणारे नव्हते.

पुढच्या इंजिनिअरांनी दुसरी वाट धरली. लाटेला छातीवर घेण्याऐवजी तिला दमवायचे. १९५० साली फ्रान्समध्ये टेट्रापॉड नावाचा चार पायांचा काँक्रीटचा ठोकळा तयार झाला. मुंबईला मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली ज्यांनी हे ठोकळे पाहिले असतील, त्यांना ते कुणीतरी बेशिस्तपणे ओतून दिल्यासारखे वाटले असतील. पण त्या अस्ताव्यस्त रचनेच्या फटींतून लाट शिरते, विखुरते आणि आपले बळ हरवून बसते. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे बंदराची छोटी प्रतिकृती करून तिच्यावर लाटा सोडून पाहतात. समुद्रात बांधण्याआधी हौदात मोडून पाहावे, हे शहाणपण विकसारख्या अपयशांतूनच माणसाला आले आहे.

आता थॉमस यांच्या आयुष्यातली जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते ती सांगतो. बंदरांच्या बांधणीवर त्यांचा एक ग्रंथ आहे. तो प्रथम १८६४ साली निघाला, विकचे काम नुकतेच सुरू झालेले असताना. दुसरी आवृत्ती १८७४ ची, म्हणजे ठोकळा पडल्यानंतरची. झालेल्या गोष्टीवर पांघरूण घालणे त्यांना सहज शक्य होते. वादळ अभूतपूर्व होते, सिमेंट वाईट होते, कामगार निष्काळजी होते, अशा सबबी कोणालाही सुचतात. थॉमस यांनी तसे केले नाही. ठोकळ्याची लांबी-रुंदी, वजन, कांबींची जाडी, तो कसा फिरला आणि कुठे पडला, हे सारे त्यांनी ग्रंथात नोंदवून ठेवले. स्केरीव्होरच्या खडकावर लाटेचे माप ज्या निर्विकारपणे घेतले, त्याच निर्विकारपणे त्यांनी स्वतःच्या पराभवाचे माप घेतले. हा लेख लिहिताना विकविषयी जे आकडे मला देता आले, ते मुळात त्यांनीच जगाला दिलेले आहेत.

बापलेकांतला दुरावा काळाने कमी केला. थॉमस यांचे मन मूळचे मायाळू. मुलाने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले, पण सून घरात आल्यावर त्यांचे तिच्याशी छान जमले. पुढे त्यांनी तिला एक घर घेऊन दिले. लुईने त्या घराला नाव ठेवले स्केरीव्होर. १८८१ च्या उन्हाळ्यात लुई 'ट्रेझर आयलंड' लिहू लागला, तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या या इंजिनिअरला जणू बालपण परत मिळाले. गोष्टीतल्या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सामान असावे, याची यादी त्यांनी बसून तयार केली. चाच्यांच्या जहाजाचे वॉलरस हे नावही त्यांच्याच आग्रहाने पडले. म्हणजे ती पेटी उघडताना आपण सर्वांनी जे श्वास रोखून वाचले, त्यात लाटा मोजणाऱ्या माणसाचाही हात आहे.

१८८४ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पण प्रकृती ढासळू लागली होती आणि मनही उदास होत चालले होते. ८ मे १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. लुईने वडिलांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात दीपगृहांचा, दिव्यांचा, निरीक्षणाच्या अद्भुत शक्तीचा गौरव आहे. आणि विकचे बंदर हा माझ्या वडिलांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आघात होता, हेही त्याने लपवलेले नाही. बापाप्रमाणेच मुलानेही खरे तेच लिहिले.

विद्यार्थी मित्रहो, थोरांची चरित्रे आपल्याला बहुधा त्यांच्या विजयासाठी वाचायला सांगतात. थॉमस स्टीव्हन्सन यांचे चरित्र त्यांच्या पराभवासाठीही वाचण्यासारखे आहे. त्यांनी बांधलेल्या दीपगृहांनी असंख्य खलाशांना वाट दाखवली, हे तर खरेच. पण विकच्या बांधाची त्यांनी लिहून ठेवलेली हकीगत ही सुद्धा एका परीने दीपगृहच होते. इथे खडक आहे, माझी नौका इथे फुटली, तुम्ही जपून जा, असे ती मागाहून येणाऱ्यांना सांगत राहिली.